आठ जणांच्या टीमसाठी काउन्सेलिंग सर्व्हिस घेतली: काउन्सेलर भारी, अ‍ॅप टाइमपास, रिपोर्ट डेंजर

रेटिंग ५ पैकी ३, आणि ते तीन पण काउन्सेलर ताईंमुळे. कंपनीचं नाव लिहीत नाही कारण त्यांच्याशी अजून मेलामेली चालू आहे, शिवाय मी ज्यांच्याकडून कोटेशन मागवली होती त्या सगळ्यांचं पॅकेज उन्नीस-बीस असंच होतं.

आमचं काम म्हणजे दुकानदार आणि छोटे कारखानेवाले यांचं जीएसटी, टीडीएस, पगारपत्रकं. दादरचं ऑफिस भाडं परवडेना म्हणून सोडलं, आता दोघी डोंबिवलीत, एक विरारला, एक लालबागच्या चाळीत, एक पनवेलला, एक तर थेट साताऱ्याला. मी हिशेब बघते आणि एचआर पण मीच, छोट्या टीममध्ये हे असंच असतं. घरून काम सुरू झालं तेव्हा लोकलची धक्काबुक्की सुटली म्हणून सगळे खूश, पण लेडीज डब्यातल्या मैत्रिणी पण सुटल्या हे कोणी धरलंच नव्हतं. हळूहळू लोकं ग्रुपवर फक्त 'ओके' टाकायला लागली, एक जण रात्री दोन वाजता मेल करायचा, मग सरच म्हणाले की काहीतरी बघ.

पॅकेजमध्ये दर माणशी वर्षाला चार सेशन, चॅट, आणि एक अ‍ॅप. अ‍ॅपबद्दल जास्त लिहीत नाही. सकाळी नऊला विचारतं आज कसं वाटतंय, पाच चेहऱ्यांपैकी एक दाबायचा. २० तारखेला जीएसटीचं ३बी रिटर्न भरायचं असतं, पोर्टल गोल गोल फिरत असतं आणि हे विचारतंय कसं वाटतंय. सगळ्यांनी नोटिफिकेशन बंद केलीत.

काउन्सेलर मात्र खरंच चांगल्या. मराठी बोलणाऱ्या मिळाल्या, आणि उगाच गोड गोड नाही. आमच्या एकाची झोप पार उडाली होती (त्याला विचारूनच लिहितेय), त्यांनी दुसऱ्याच सेशनला स्पष्ट सांगितलं की हे नुसतं बोलून भागणार नाही, सायकियाट्रिस्टना दाखवा, गोळ्या लागतील की नाही ते डॉक्टर ठरवतील, मी नाही. तो परळला केईएमच्या ओपीडीत गेला, लाइन मोठी होती पण गेला, आता बरा आहे. चार सेशन संपेपर्यंत त्याला ओढत ठेवलं असतं तर आम्हाला काय कळणार होतं.

आता रिपोर्ट. पहिल्या महिन्यानंतर सरांना पीडीएफ आली. नाव कुणाचंच नाही, 'संपूर्ण गोपनीय' असं वर ठळक अक्षरात, आणि खाली: एकूण सेशन ३, मराठी २, हिंदी १, विषय अमुक, वेळ रात्री आठनंतर. अहो आमच्यात हिंदीत बोलणारा माणूस एकच आहे! पाचशे लोकांच्या कंपनीत असा तक्ता चालून जात असेल, आठ जणांत तो म्हणजे हजेरीपत्रकच. आणि सर माणूस चांगला, म्हणूनच घोळ झाला, त्यांनी काळजीपोटी त्याला फोन केला, 'क्या रे, घर पे सब ठीक है ना?' त्यानंतर त्याने एकही सेशन घेतलं नाही. मी कंपनीला विचारलं तर म्हणे आम्ही नाव दिलेलंच नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये गोपनीयतेसाठी आख्खं कलम २३ आहे, तुमचा तक्ता त्यात अडकतो की नाही ते वकील बघतील, पण माणूस तर गेला ना हातचा. शेवटी भांडून मासिक रिपोर्ट बंद करून घेतला, आता वर्षाअखेरीस फक्त एकूण सेशनचा एक आकडा येणार, भाषा नाही, विषय नाही, वेळ नाही. तुमची टीम पंधरा-वीसच्या आत असेल तर सही करायच्या आधी सॅम्पल रिपोर्ट मागवा आणि त्यात तुमच्या माणसांना बसवून बघा, कोण कोण ओळखू येतं ते.

दुसरी गोष्ट ब्रोशरमध्ये कुठेच नसते: बोलायचं कुठून? वन रूम किचन, हॉलमध्ये सासूबाई, आत पोराचा क्लास, कुकरच्या शिट्ट्या, यात व्हिडिओ कॉलवर कोण रडणार. आमची डोंबिवलीवाली खाली पार्किंगमध्ये नवऱ्याच्या स्कूटरवर बसून सेशन घ्यायची, वॉचमनला वाटायचं ऑफिसचा कॉल आहे. मग सरांकडून महिन्याला थोडे पैसे मंजूर करून घेतले, ज्याला हवं त्याने जवळच्या कोवर्किंगमध्ये तासाची केबिन घ्यायची, बिलात नुसतं 'केबिन' लिहायचं, कारण विचारायचं नाही. क्लायंटच्या कॉलसाठी पण तीच वापरतात, त्यामुळे कोण कशाला गेलं काही कळत नाही. माझ्या मते या एका गोष्टीचा उपयोग आख्ख्या अ‍ॅपपेक्षा जास्त झाला.

सेल्सवाल्याने अजून एक पुडी सोडली होती, चार सेशन संपली की पुढचं मेडिक्लेममधून होईल. नीट बघा. २०१७ च्याच कायद्यात कलम २१ आहे, मानसिक आजाराला इतर आजारांसारखाच विमा द्यायचा असं ते सांगतं, पण आमची ग्रुप पॉलिसी बहुतेक पॉलिसींसारखी ॲडमिट झाल्यावरचा खर्च देणारी, ओपीडीचं कव्हर वेगळं नसेल तर काउन्सेलिंगची फी खिशातूनच.

फुकटात काय आहे ते पण सांगते कारण सगळ्यांनाच हे पॅकेज परवडणार नाही. सरकारची टेली-मानस ही मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, नंबर १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, पैसे शून्य. रात्री दोनला मेल करणाऱ्यासाठी हे पेड अ‍ॅपपेक्षा बरं, कारण आमच्या ताईंचे स्लॉट रात्री नऊला संपतात. फक्त दर वेळी तीच व्यक्ती फोनवर येईल असं धरून चालू नका. हा नंबर मी टीमच्या ग्रुपमध्ये वर पिन करून ठेवलाय, तिथे कोणी फोन केला की नाही हे सरांनाही कळत नाही आणि मलाही नाही.

सध्याचं भांडण कॅन्सलेशनवरून आहे. २४ तास आधी सांगितलं नाही तर सेशन वापरलं असं धरतात. जीएसटी रिटर्नच्या ११ आणि २० तारखेच्या आसपास आमच्याकडे काय होईल ते आदल्या दिवशी देवालाही माहीत नसतं, दोघींची सेशन अशीच बुडाली. ती परत द्या म्हणून लिहिलंय, आणि रिन्यू करायचं तर त्या दिवसांत दोन तास आधी सांगितलं तरी चालेल अशी सूट हवी असंही. उत्तर आलं तर रेटिंग बदलेन.