जुन्या डिझेल गाडीचे मीटर घरी बदलले: विकत घेतलेला माल कसा निघाला

आमच्या सोळा वर्षे जुन्या डिझेल गाडीचा वेगाचा काटा गेल्या उन्हाळ्यात चाळीसवर अडकून बसला आणि डिझेलचा काटा, टाकी भरलेली असो वा रिकामी, आपल्या मर्जीने हलू लागला. गाडीची आजची किंमत पाहता कोरे मीटर मागवणे पटेना, म्हणून जळगावातील एका स्पेअर पार्टच्या दुकानातून दुरुस्त केलेले जुने मीटर ३,२०० रुपयांना घेतले.

पहिली फेरी वाया गेली. दुकानदाराने पुढे केलेल्या मीटरचा कपलर, म्हणजे मागचा तारांचा जोड, हुबेहूब आमच्यासारखाच होता आणि "आप्पा, बिनधास्त बसवा" असा दिलासाही मिळाला. पण तबकडीवर, डिझेल इंजिन सुरू करण्याआधी तापवणाऱ्या हीटरच्या दिव्याचे वेटोळ्याचे चिन्हच नव्हते, म्हणजे ते पेट्रोल गाडीचे मीटर होते. कपलर जुळला म्हणजे मीटर जुळले असे नाही. मागच्या चिकटपट्टीवरील पार्ट नंबर जुन्या मीटरशी ताडून पाहावा, हे मला घरी आल्यावर सुचले.

बसवण्याचे काम पाऊण तासाचे आहे. दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवली, स्टिअरिंग खाली केले, त्यावर जुना टॉवेल अंथरला, मीटरभोवतीच्या चौकटीचे वरचे दोन स्क्रू आणि मीटरचे चार स्क्रू काढले. चौकट मात्र ओढून काढू नये. आपल्याकडच्या वैशाखात वर्षानुवर्षे तापलेले प्लास्टिक पापडासारखे झालेले असते. घाई केली आणि डावीकडची एक क्लिप मोडलीच. मीटर थोडे पुढे घेऊन मागे हात घालावा लागतो, आणि कपलरचे लॉक दाबल्याशिवाय तो सुटत नाही.

खरी गंमत गाडी चालू केल्यावर झाली. सगळे काटे नीट उठले, पण बॅटरीचा लाल दिवा मंद जळत राहिला, आणि एकदा जोरात रेस दिली की विझे. दुरुस्ती करणाऱ्याने सर्व जुने बल्ब काढून एलईडी घातले होते. आमच्या गाडीसारख्या जुन्या रचनेत अल्टरनेटरला, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या जनित्राला, सुरुवातीचा प्रवाह त्या दिव्याच्या बल्बमधूनच मिळतो. एलईडीतून तो पुरेसा जात नाही, त्यामुळे आयडलिंगवर चार्जिंग सुरूच होत नाही. जुन्या मीटरमधला त्या जागेचा साधा बल्ब पाव फेरा फिरवून काढला, नव्यात बसवला आणि दिवा पूर्ववत वागू लागला. रात्री एलईडीचा पांढरा उजेडही डोळ्यांना बोचतो, पण ती माझ्या वयाची तक्रार असू शकेल.

वेगाचा काटा मोबाईलच्या जीपीएसशी भुसावळच्या रस्त्यावर, राष्ट्रीय महामार्ग ५३ वर ताडला: मीटर ६० दाखवत असताना मोबाईल ५७ सांगत होता. मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवू नये, थोडा जास्त दाखवला तर चालतो, त्यामुळे हा फरक मला मान्य आहे. डिझेलचा काटा आता स्थिर आहे; तो हलत होता तो मीटरमुळेच, टाकीतील पातळी मोजणाऱ्या फ्लोटमुळे नव्हे.

ज्या गाड्यांत इमोबिलायझरची (ओळखीच्या किल्लीशिवाय गाडी सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) जोडणी मीटरशी असते, त्यांच्यासाठी हा मार्ग मी सुचवणार नाही, कारण परक्या मीटरवर गाडी सुरूच न होण्याची शक्यता असते. एअरबॅग असेल तर बॅटरी सोडवल्यावर काही मिनिटे थांबणेही आवश्यक आहे.

किलोमीटरचा आकडा हा शेवटचा मुद्दा. जुने मीटर १,८६,४२० वर थांबले होते, नवे ९४,३१० दाखवते. दुकानदाराने "हवा तो आकडा टाकून देतो" असे सांगितले, ते मी नाकारले. दोन्ही आकड्यांचा फोटो काढला, बदलाची तारीख सर्व्हिस बुकात लिहिली आणि मीटरचे बिल त्याच पानाला टाचून ठेवले आहे.