मुलांचा मायनस नंबर : खास चष्मा, थेंब की रात्रीची लेन्स?

माझ्या मुलीला सातव्या वर्षी चष्मा लागला तेव्हा नंबर मायनस 1.25 होता. वर्षभरात तो 2.25 झाला. नंबराची वाढ मंदावण्यासाठी डॉक्टरांनी तीन पर्याय सांगितले आणि घरी बोलून ठरवा म्हणाले. ठरवायला आम्हाला दीड महिना लागला. तुम्हीही त्याच विचारात असाल तर हे वाचा.

साध्या चष्म्याने नीट दिसतं, नंबर वाढायचा थांबत नाही. तो वाढतो डोळ्याचा गोळा मागच्या बाजूला लांबत जातो म्हणून. मोठा नंबर असलेल्यांना पुढे डोळ्याच्या आतला पडदा (रेटिना) सरकण्याचा धोका जास्त असतो, तोही याच ताणामुळे. लेसरने चष्मा जातो, ताणलेला पडदा तसाच राहतो. त्यामुळे ‘मोठी झाली की लेसर करू’ हे उत्तर मला पटत नाही. आणि ‘नंबर थोडा कमीच द्या, डोळ्याला सवय नको’ असं घरातली मोठी माणसं म्हणतात, तेही ऐकू नका. मलेशियात 2002 साली मुद्दाम कमी नंबरचा चष्मा देऊन पाहिला, तर त्या मुलांचा नंबर उलट जास्त वाढला.

खास चष्मा दिसायला साध्यासारखाच असतो. काच तिरकी धरून उजेडात पाहिली की मधल्या स्वच्छ भागाभोवती बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, मधाच्या पोळ्यासारखी. ते ठिपके कडेचा प्रकाश पडद्याच्या पुढे पाडतात आणि डोळ्याला लांबण्याचा इशारा कमी मिळतो. हाँगकाँगच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या चाचणीत अशा चष्म्याने नंबराची वाढ साध्या चष्म्याच्या तुलनेत 52 टक्के कमी झाली. अशाच प्रकारच्या दुसऱ्या एका काचेच्या चाचणीत, रोज किमान 12 तास चष्मा घालणाऱ्या मुलांमध्ये ती 67 टक्के कमी होती. खरी मेख या तासांत आहे. शाळेतून आल्यावर चष्मा टेबलावर काढून ठेवणाऱ्या मुलाला हे आकडे लागू होत नाहीत. चष्मा नाकावरून घसरत असेल तरी मधला भाग बाहुलीसमोर राहत नाही, म्हणून फ्रेम दिसायला छान आहे यापेक्षा ती घट्ट बसते का ते पाहा. किंमत साध्या चष्म्याच्या कित्येक पट असते, आणि नंबर बदलला की पुन्हा तोच खर्च.

अ‍ॅट्रोपिनचे थेंब खिशाला हलके. रोज झोपताना दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब, दिवसा नेहमीचा चष्मा. पण इथे ताकद नीट विचारा. भारतात 0.01 टक्क्याचे थेंब खूप दिले जातात. 2021 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय चाचणीत त्यांनी वर्षभरात नंबराची वाढ निम्म्याच्या आसपास कमी केली, पण डोळ्याच्या लांबीत ठोस फरक दिसला नाही. अमेरिकेतल्या 2023 च्या चाचणीत तर त्यांचा उपयोगच दिसला नाही. हाँगकाँगच्या चाचणीत पहिल्या वर्षी 0.05 टक्क्याच्या थेंबांनी वाढ 67 टक्के कमी झाली आणि 0.01 च्या थेंबांनी 27 टक्केच. ताकद वाढली की उन्हात डोळे दिपणं, जवळचं धूसर दिसणं हा त्रासही वाढू शकतो. शिवाय थेंब एकदम बंद केले तर वाढ पुन्हा वेग घेऊ शकते, त्यामुळे ते डॉक्टरांना विचारूनच थांबवायचे.

रात्री घालायची कडक लेन्स बुबुळाचा आकार तात्पुरता चपटा करते, दिवसभर चष्मा नाही. पोहणाऱ्या, खेळणाऱ्या मुलांना हे फार हवंसं वाटतं. हाँगकाँगच्या 2012 च्या अभ्यासात डोळ्याची लांबी 43 टक्के कमी वाढली. तरी आठ वर्षांच्या मुलीसाठी मी हा पर्याय सोडला. लेन्सला नळाचं पाणी लागलं किंवा हात नीट धुतले नाहीत तर बुबुळाला जंतुसंसर्ग होऊ शकतो, आणि त्यात नजर जाऊ शकते. रोज रात्री न कंटाळता लेन्स घालून देणारं, सकाळी काढून धुणारं माणूस घरात असेल तरच याकडे वळावं.

आम्ही खास चष्मा घेतला, कारण लेक उठल्यापासून झोपेपर्यंत चष्मा काढत नाही. तिच्या मावसभावाचा चष्मा कायम दप्तरात असतो, त्याच्यासाठी मी थेंबच सुचवले असते. नंबर फार झपाट्याने वाढत असेल तर दोन्ही एकत्रही देतात.

यांपैकी काहीही घेतलं तरी संध्याकाळी मुलांना मोकळ्यावर सोडा. ग्वांगझूमधल्या शाळांनी रोज 40 मिनिटं जादा बाहेर नेलं, तर तीन वर्षांत नव्याने नंबर लागलेली मुलं 39.5 टक्क्यांऐवजी 30.4 टक्के निघाली. एकदा लागलेला नंबर यामुळे किती थांबतो याचा पुरावा एवढा भक्कम नाही, पण धाकटा भाऊ-बहीण असेल तर त्यांना आजपासूनच सोबत न्या.

उपचार सुरू करण्याआधी बाहुली मोठी करणारे तपासणीचे थेंब टाकून नंबर तपासून घ्या, आणि यंत्रावर डोळ्याची लांबी मोजायला सांगून तो मिलिमीटरचा आकडा तारखेसकट वहीत लिहा. आमच्या पहिल्या कागदावर तो नव्हता, त्यामुळे पहिल्या वर्षात डोळा किती लांबला हे आम्हाला आता कधीच कळणार नाही.