अलास्का: लॉजमध्ये जेवायचं की शिधा सोबत न्यायचा?

मामी, अलास्काच्या सहलीत क्रूझ जहाजावरचं जेवण भाड्यातच असतं, देनाली राष्ट्रीय उद्यानाजवळच्या लॉजमधल्या मुक्कामात मात्र ते बहुतेक पॅकेजांत नसतं. तुमचा हिशोब तिथेच अडलाय.

खर्च पाहा. लॉजमध्ये रात्रीची एक डिश 30-40 डॉलरला सहज जाते, वर 15 ते 20 टक्के टिप. दोघांची तीन रात्रींची जेवणंच 250 डॉलरच्या घरात. अँकरेज किंवा फेअरबँक्सच्या सुपरमार्केटमधून ब्रेड, चीज, फळं घेतलीत तर याच्या निम्म्याहूनही कमीत भागेल.

कष्ट शिध्यात जास्त. सामान वाहायचं, आणि खोलीत मायक्रोवेव्ह असेलच असं नाही. पण पोहे-उपम्याची पाकिटं गरम पाण्यावर होतात, घरूनच न्या.

उद्यानात फिरवणाऱ्या ट्रान्झिट बसमध्ये खायला विकत मिळत नाही, वाटेत उपाहारगृहही नाही. त्या दिवशी डबा हवाच! मात्र हा अस्वलांचा मुलूख आहे, खाणं उघड्यावर सोडू नका.

मामा मासे आवडीने खातात, त्यांनी एका रात्री लॉजमधला ताजा सॅल्मन जरूर खावा. तुम्ही शाकाहारी, मेन्यूत पर्याय मोजकेच. तुम्हाला शिधाच सोयीचा. गुडघे दुखत असतील, ओझं नको असेल, तर मात्र पैसे मोजा आणि लॉजमध्येच जेवा.