इन्सुलिनचा कूलिंग पाऊच: अमरावतीत झकास, कोकणात काठावर पास

माझ्या मुलीला टाइप वन डायबेटिस आहे. वय नऊ, रोज इन्सुलिनची चार इंजेक्शनं. त्यामुळे सुट्टी ठरवताना आमच्याकडे आधी इन्सुलिन कुठे राहणार ते बघतात, मग माणसं. मे महिन्याच्या सुट्टीआधी पाण्यात भिजवून वापरायचा कूलिंग पाऊच घेतला, आता दिवाळी होऊन गेली. ब्रँडचं नाव लिहीत नाही. याच पद्धतीचे बरेच मिळतात आणि पुढचं बहुतेक सगळं त्यांनाही लागू पडेल.

हा लागतो कशाला, ते आधी. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये. वापरायला काढलेलं पेन (इन्सुलिन भरलेलं, टोचायचं पेनासारखं इंजेक्शन) बाहेर चालतं, पण बहुतेक प्रकारांना ३० अंशांच्या आत आणि साधारण २८ दिवस. (पेनासोबतचा कागद वाचाच, काहींचे आकडे वेगळे असतात.) आता मे महिन्यात, स्लीपर क्लासमध्ये, भुसावळच्या आसपास ३० अंश कुठून आणायचे? आधी आम्ही थर्मासात बर्फ घालून न्यायचो, त्यात वेगळीच धास्ती. इन्सुलिन एकदा गोठलं की कामातून गेलं. नंतर वितळून अगदी नितळ दिसलं तरी फेकायचंच.

या पाऊचच्या अस्तरात बारीक कोरडे खडे असतात. साध्या पाण्यात पाच-दहा मिनिटं बुडवला की ते फुगून जेली होते, आणि ते पाणी उडताना आतली उष्णता घेऊन जातं. थोडक्यात, खिशात मावणारा माठ. बर्फ नको, वीज नको.

माहेर अमरावतीचं, म्हणून पहिली परीक्षा तिथेच झाली. मी पेनांच्या मध्ये छोट्या डिजिटल थर्मामीटरची वायर सरकवून ठेवली होती. गाडीत खिडकीजवळच्या हुकाला पाऊच टांगलेला, बाहेरून फुफाटा येतोय, डब्यात ४३ आणि पाऊचच्या आत २५! समोरच्या बाकावरच्या काकाही मग दर स्टेशनला विचारायला लागले, ‘आता किती?’ अर्थात त्याआधी ‘एवढ्याशा पोरीला शुगर?’ आणि ‘गोड फार खायची का?’ हे झालंच होतं. (गोड खाण्याचा टाइप वनशी संबंध नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते.) पाकिटावर दोन दिवसांच्या आसपास लिहिलंय, पण त्या कोरड्या हवेत मी रोज सकाळी पुन्हा भिजवत होते.

तिथून सासरी, कणकवलीकडे. तिथे बाहेर ३३ आणि आत २९, त्याखाली उतरायलाच तयार नाही. पाऊच बिघडला नव्हता. हवाच आधी पाण्याने भरलेली, त्यात पाऊचमधलं पाणी उडणार कसं? विदर्भात कूलर चालतो आणि मुंबईत नुसता दमटपणा वाढवतो, त्यातलाच प्रकार. टेबलफॅनसमोर ठेवला तेव्हा एखादा अंश उतरला. चालू पेनाला २९ चालतं, पण अंगणात, बंद गाडीत किंवा समुद्रावर मी त्याच्या भरवशावर राहणार नाही. गणपतीला गेलो तेव्हा घरात मुळातच गारवा होता, पाऊचची गरजच पडली नाही. उलट तो वाळता वाळेना आणि कुबट वास धरला. पुण्याला परत आल्यावर पंख्याखाली कितीतरी दिवस पडून होता.

भिजवताना मोह आवरा. जास्त वेळ ठेवला की इतका फुगतो की पेन आत शिरत नाही, शिवणीवरही ताण येतो. प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा नाही, हवा लागली नाही तर काम करत नाही. साहजिकच पर्स, दप्तर, वह्या, सगळं दमट. आम्ही आता जाळीच्या पिशवीत घालून बॅगेला बाहेरून अडकवतो.

आणि मुख्य म्हणजे हा फ्रीजला पर्याय नाही. महिन्याचा साठा मुक्कामाच्या ठिकाणी फ्रीजमध्येच लागतो. एका लॉजवर मी ‘फ्रीजमध्ये ठेवा’ म्हणून नीट सांगून डबा दिला, तर तिथल्या पोराने ‘जास्त थंड राहील’ म्हणून फ्रीझरमध्ये टाकला. दोन नवी पेनं गेली. तेव्हापासून डबा मी स्वतः ठेवते, मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला न टेकवता, आणि झाकणावर मार्करने ‘बर्फात नको’ लिहिलंय.

बंगळुरूला विमानाने गेलो तेव्हा पाऊच हातातल्या बॅगेत होता. इन्सुलिन चेक-इनच्या सामानात टाकू नका, खाली गोठू शकतं. सुरक्षा तपासणीत डॉक्टरांचं पत्र आणि प्रिस्क्रिप्शन वरच्या खिशात होतं. ओली फुगीर पिशवी बघून शिपायाने ती उघडायला लावली, पत्र वाचलं, सोडलं.

पाऊच इन्सुलिन सांभाळतो, पोरीला नाही, हे पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी. उन्हात इन्सुलिन अंगात लवकर भिनतं, त्यात पोरं हुंदडतात, आणि शुगर घरच्यापेक्षा पटकन खाली येते. ग्लुकोज पावडर माझ्या पर्समध्ये वेगळी, तिच्या खिशात वेगळी. शुगर तपासायच्या स्ट्रिपांची डबी कोरडीच हवी, ती या ओल्या पाऊचमध्ये ठेवू नका. आणि सगळं ठीक असताना शुगर उगाच ३०० च्या वर रेंगाळत असेल तर पेनावर संशय घ्या. उष्णतेने बिघडलेलं इन्सुलिन दरवेळी गढूळ दिसतंच असं नाही.

किंमत हजाराच्या वर गेली, ती अर्थात आपल्याच खिशातून. दिव्यांग म्हणून काही सवलत मागावी, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत, टाइप वन नाही. विदर्भ, मराठवाडा, खानदेशात उन्हाळ्यात जाणार असाल तर डोळे झाकून घ्या. फक्त किनारपट्टीवर फिरणार असाल तर चांगला थर्मास आणि कापडात गुंडाळलेला जेलपॅक बरा, पॅक पेनाला थेट न लावता. मी आता याच मापाचा दुसरा घेतेय. चार-पाच पेनांचा मोठा मिळतो, पण पुढच्या मेमध्ये मला साठा दोन बॅगांत विभागायचाय. एक माझ्याकडे, एक तिच्या बाबांकडे.