निक ड्रेकच्या तीन रेकॉर्ड, आठ महिने ऐकल्यावर

इंग्लिश गायक-गिटारवादक निक ड्रेकच्या तिन्ही रेकॉर्ड एकदम मागवल्या, त्याला आता आठ महिने झाले. त्यातली पहिली, 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट', वाकलेली निघाली. सुई दर फेऱ्याला वर-खाली व्हायची. दुकानाने बदलून द्यायला पाच आठवडे लावले, त्यामुळे माझी सुरुवात शेवटच्या रेकॉर्डने झाली : 'पिंक मून', १९७२.

सुरुवातीला मलाही वाटलं, उदास माणसाची उदास गाणी. नोव्हेंबर १९७४ मध्ये, वयाच्या २६ व्या वर्षी, नैराश्यावरच्याच गोळ्या जास्त झाल्याने तो गेला. हे आधी माहीत असलं की गाणं बाजूला राहतं आणि आपण त्याच्या मरणाच्या खुणा शोधत बसतो. पण रोज सकाळी ऐकायला लागले तसं लक्ष त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याकडे गेलं. ११ गाणी, जेमतेम २८ मिनिटं. ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत दोन रात्रींत झालेलं काम. आत फक्त निक आणि ध्वनिमुद्रक जॉन वुड. शीर्षकगीतात पियानोचे मोजके सूर, बाकी गिटार आणि आवाज. आणि तो अंगठा खर्जाच्या तारांवर इतका एकसारखा चालतो की लय कुठे रेसभरही हलत नाही. मन खचलं असेल, हात खचलेला नव्हता.

तिसऱ्या महिन्यात मी स्वतःची गिटार काढली आणि 'पिंक मून'साठी तारा जाडीकडून बारकीकडे सी-जी-सी-एफ-सी-ई या सुरांत लावल्या. सगळ्यात जाड तार ई वरून सी पर्यंत उतरवली की ढिली पडून खरखरते. बारकीकडून दुसरी तार उलट बी वरून सी वर चढवायची. मग गिटारच्या दांडीवरच्या दुसऱ्या पट्टीवर कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. लावून होईतो आधी लावलेली तार पुन्हा उतरलेली! हे सगळं त्याने प्रेक्षकांसमोर केलंय. दोन गाण्यांच्या मध्ये तो मान खाली घालून तारा लावत बसायचा, एक शब्द बोलायचा नाही, आणि पबमधली मंडळी गप्पा मारायची. थोड्याच वर्षांत त्याने मंच सोडला. तो हयात असताना एकही रेकॉर्ड पाच हजारांच्या वर खपली नाही. मला फार वाईट वाटतं याचं.

बदलून आलेली 'फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट' (१९६९) आता सगळ्यात जास्त वाजते, त्यातही 'रिव्हर मॅन'. पाच मात्रांचा ठेका, म्हणजे झपतालाचं अर्धं आवर्तन; हॅरी रॉबिन्सनने बांधलेली व्हायोलिनं त्यावर धुक्यासारखी सरकतात. मधली 'ब्रायटर लेटर' (१९७१) मात्र मला अजून पचलेली नाही. सॅक्सोफोन, ड्रम्स, मागून साथ देणाऱ्या गायिका यांत त्याचं बोट ऐकू येत नाही. 'नॉर्दर्न स्काय' या एका गाण्यासाठी ती ठेवलीय.

एक गोष्ट उशिरा कळली. त्याचे वडील बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये इंजिनिअर होते. त्यामुळे निकचा जन्म १९४८ मध्ये रंगूनचा, मोठी बहीण गॅब्रिएल लाहोरची. आई मॉली घरच्या पियानोवर स्वतःची गाणी म्हणायची. ती घरगुती टेपवर राहिली आणि पुष्कळ वर्षांनी बाहेर आली. गेल्या महिन्यात ती मिळवून ऐकली. ओळीच्या शेवटी आवाज हळूच खाली सोडून देणं, जे मी निकचं समजत होते, ते आईकडे आधीपासून आहे. आता रोज सकाळी आधी मॉलीचं एक गाणं लावते, मग त्याची रेकॉर्ड.