भंगारातली फ्रेम, नवी चाकं: बिनगिअरच्या सायकलचे नऊ महिने

"सिंगल स्पीड बनवतोय," असं घरी सांगितलं तेव्हा बाबांनी पेपरातून मान वर काढली. "म्हणजे बिनगिअरचीच ना? ती तर आम्ही जन्मभर चालवली." त्यांचं बरोबर होतं. ज्या सायकलवर दूधवाले कॅन लटकवून फिरायचे, तिचं नाव बदललं आणि शोरूममध्ये तिला काचेमागे उभी केली, एवढाच काय तो फरक. किंमत ऐकून मी परत आलो आणि ठरवलं की एकेक भाग गोळा करून स्वतःच बांधायची. दिवाळीनंतर बांधली. आता ऑगस्ट चालू आहे. त्रिमूर्तीनगर ते सिव्हिल लाइन्स जाऊन-येऊन रोजचे चौदा किलोमीटर, म्हणजे दोन-अडीच हजार किलोमीटर सहज झाले असतील.

नागपूर सपाट आहे, गिअर नसले तरी अडत नाही. सेमिनरी हिल्सचा चढ आणि उड्डाणपूल सोडले तर पायाला फारसं काम नाही. त्रास चढाचा नाही, सिमेंट रोडच्या सांध्यांचा आहे. दर काही मीटरवर चाकाला एक ठोका. हे आधी लक्षात आलं असतं तर पैसे कुठे घालायचे हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं असतं.

फ्रेम भंगारवाल्याकडून घेतली. बावीस इंची दांडीवाली, पुढचं चाक धरणारा फोर्क, हँडल, क्रँक (पायडलचे हात) आणि दोन्ही हब (चाकाचे मधले तुंबे, ज्यांत तारा अडकतात) यांसकट आठशे रुपयांत. रंग गेलेला, पण सांधे शाबूत. जुनी देशी फ्रेम घेण्याचं खरं कारण स्वस्ताई नव्हे. तिच्या मागच्या चाकाची खाच आडवी आणि मागून उघडी असते. चाक मागे ओढलं की चेन ताणली जाते, वेगळा ताणक लावावा लागत नाही. गिअरच्या सायकलच्या फ्रेमला बहुधा ही खाच उभी असते, तिथे बिनगिअरची चेन ताणायला जुगाड करावा लागतो. घेताना मी दोनच गोष्टी पाहिल्या: फोर्क पुढून-बाजूने सरळ आहे का, आणि क्रँकच्या डब्यापाशी नळीला चीर आहे का. बाकी गंज घासून जातो.

खरी गंमत चाकांची. दुकानातून ७०० सी मापाच्या अॅल्युमिनियमच्या रिमांची जोडी घेतली, पंधराशे रुपये. दुकानदाराला म्हटलं, "हब माझ्याकडे आहेत." तो म्हणाला, "मग काय, बसून जाईल." बिल फाडलं. जोडी घेऊन गल्लीच्या तोंडावरच्या काकांकडे गेलो. पंक्चरचं दुकान त्यांचं, पण चाक विणायला लांबून लोक येतात. त्यांनी रिम हातात घेऊन बोटांनी भोकं मोजली, मग जुना हब उचलला.

"भाऊ, रिम छत्तीसची अन् मागचा हब चाळीसचा. उरलेल्या चार तारा का डोक्यात खोवता?"

"आणि पुढचा?"

"पुढचा बत्तीसचा. तिथं रिमची चार भोकं रिकामी. दोन्ही बी बसून नाही राहिले."

जुन्या दांडीवाल्या सायकलींना पुढे बत्तीस आणि मागे चाळीस तारा असतात. वजन मागे पडतं, म्हणून मागे जास्त. ही माहिती मला असायला हवी होती, आणि ती त्या दुकानदाराला तर नक्कीच असायला हवी होती. परत गेलो तर रिम परत घ्यायला तो तयार नाही. शेवटी छत्तीस भोकांच्या हबांची नवी जोडी घेतली, सातशे रुपये.

पण नवा हब तरी थेट बसावा? मागच्या दोन खाचांमधली जागा ११४ मिलिमीटर आणि हब १२० चा. काकांनी फ्रेम आडवी टाकली, एका बाजूवर पाय दिला, दुसरी हळूच ओढली, मोजली, पुन्हा ओढली. दोन्ही बाजू तीन-तीन मिलिमीटर उघडल्या आणि हब आत गेला. स्टीलचं हेच सुख, ते वाकतं आणि वाकलेलं राहतं. अॅल्युमिनियमच्या फ्रेमला असं कोणी करू नका, तडा जाईल.

बहात्तर तारा पाच रुपयांप्रमाणे, विणाई पाचशे. विणाई कमी करायचा मी प्रयत्न केला होता, त्याची आता लाज वाटते. काकांनी चाक उभं करून बोटाने जवळजवळच्या दोन-दोन तारा दाबून त्यांचा आवाज ऐकला, आणि आऊट, म्हणजे फिरताना चाकाचं डुलणं, काढायला जवळपास तास घालवला. नऊ महिन्यांत सिमेंटचे एवढे ठोके खाऊन चाकाचा आऊट एकदाच काढावा लागला, तोही मागच्या चाकाचा, पहिल्या महिन्यात. तारा बसताना थोड्या सैल होतातच, ते त्यांनी आधीच सांगितलं होतं.

ब्रेक. जुने रॉडवाले काढले, रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे कॅलिपर लावायचे होते. जुन्या अठ्ठावीस इंची रिमचा व्यास ६३५ मिलिमीटर आणि ७०० सी चा ६२२, म्हणजे रिम फ्रेमपासून साडेसहा मिलिमीटर आत सरकली. ब्रेकचं रबर टायरला घासायला लागलं. लांब हाताचे कॅलिपर मागवले, मग जमलं. पावसात अॅल्युमिनियमच्या रिमवर ब्रेक पकडतो, जुन्या क्रोमच्या रिमवर नुसता घसरायचा. ब्रेक न लावता फिक्स चाकावर (चाक फिरतं तोवर पायडलही फिरतंच) फिरणारी पोरं मी फुटाळ्याला पाहिली आहेत. दिसतं भारी, पण शंकरनगरच्या चौकात ऑटो कधी वळेल हे ऑटोवाल्यालाही माहीत नसतं. मी दोन्ही ब्रेक आणि पाय थांबवले तरी चाक फिरू देणारं फ्रीव्हील ठेवलं.

गिअर निवडताना चूक झाली. पुढचं चेनव्हील ४४ दात्यांचं, मागे सुरुवातीला १६ चं फ्रीव्हील घेतलं, कारण ऐटीत जायचं होतं. ४४ भागिले १६ म्हणजे पावणेतीन, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सहा मीटरच्या आसपास जाते. मोकळ्या रस्त्यावर मस्त. पण या वाटेवर मोकळा रस्ता सिग्नलपासून सिग्नलपर्यंतच असतो, आणि दर वेळी शून्यातून उचलताना गुडघे बोलायला लागले. फेब्रुवारीत १८ चं टाकलं, दीडशे रुपयांत. आता एका फेऱ्यात सव्वापाच मीटर. मिनिटाला पंचाहत्तर फेरे मारले तर ताशी तेवीस-चोवीस किलोमीटर पडतात, आणि ऑफिसला पोचायला याहून घाई कोणाला असते?

चेन घेताना रुंदी पाहा. घरी गिअरच्या सायकलची नवी चेन पडून होती, ती जाड दात्यांवर बसलीच नाही. एक अष्टमांश इंचाची घ्या, विषय संपला.

आता कॉटर. सगळ्यात जास्त डोकेदुखी याच दहा-वीस रुपयांच्या पिनेने दिली. जुन्या क्रँकला पायडलचा हात एक्सलवर या पाचरीने अडकवलेला असतो. स्वस्त पिनेचं लोखंड मऊ. तीन महिन्यांत डाव्या पायाला टक, टक. आधी वाटलं पायडल, मग वाटलं सीट. सीटवरून उठून चालवलं तरी आवाज, म्हणजे सीट नाही. काकांनी क्रँक हलवून दाखवली, एक सूतभर खेळ. नुसता नट आवळू नका, त्याने पिनेचे आटे जातात. पीन हातोडीने ठोकून बसवायची आणि मगच नट. दोनदा बदलली. दुसऱ्या वेळी काकांनी सपाट बाजूवर कानस फिरवून घासून बसवली, ती अजून टिकली आहे. शिवाय माझं चेनव्हील थोडं वेडंवाकडं फिरतं, त्यामुळे चेन एका जागी ताठ आणि दुसऱ्या जागी सैल होते. ताठ जागेवर बोटाने दाबून सेंटिमीटरभर हलेल इतकी सैल ठेवायची, नाहीतर बेअरिंग खातं. मी सैल जागेवर मोजत होतो. मार्चमध्ये चेन तडतडायची, त्याचं कारण तेच निघालं.

जुलैत लॉ कॉलेज चौकात, सिग्नल सुटताच, पायडल नुसतं गरगर फिरलं. सायकल जागेवर आणि मागे हॉर्न. यात दोष माझाच. पावसाच्या भीतीने मी फ्रीव्हीलमध्ये ग्रीस कोंबलं होतं. आत स्प्रिंगवर जी छोटी पकडं असतात, ज्यांना मिस्त्री कुत्ते म्हणतात, ती ग्रीसमध्ये चिकटून बसली आणि दात्यात उघडलीच नाहीत. काकांनी रॉकेलने धुतलं, पातळ ऑइलचे चार थेंब सोडले आणि म्हणाले, "ग्रीस हबाले, ऑइल फ्रीव्हीलले. उलटं नका करत जाऊ." तेव्हापासून पुन्हा कधी असं झालं नाही.

टायर ३२ मिलिमीटर रुंदीचे घेतले, अरुंद घेतले असते तर सिमेंटच्या सांध्यांनी हाडं मोजली असती. ट्यूब मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हच्या, म्हणजे कुठल्याही पेट्रोल पंपावर हवा मिळते. पंक्चर सहा, त्यातली चार बाभळीच्या काट्यांची, अंबाझरीकडे सकाळी फिरायला गेलो तेव्हाची. मेअखेरच्या नवतप्यात मात्र दोन जुनी पॅचेस सुटली. सायकल ऑफिसच्या उन्हात दिवसभर उभी होती, आता झाडाखाली लावतो.

रंग सहाशे, सीट साडेचारशे, पायडल अडीचशे. यांवर बोलण्यासारखं काही नाही. सीट पंधरा दिवसांत अंगवळणी पडली. पायडल एकदा ग्रीस केली.

हिशेब आठ हजारांच्या आसपास गेला, न चाललेली चेन धरून थोडा वर. त्यातले निम्म्याहून जास्त चाकं, टायर-ट्यूब आणि काकांची विणाई. पुन्हा बांधली तर तिथे एक रुपया कमी करणार नाही. कॉटरची क्रँक मात्र जाईल, चौकोनी एक्सलची येईल. त्यासाठी पगाराची वाट पाहतोय.

ते जुने हब? काकांनीच मागून घेतले. परवा दुकानात गेलो तर त्यातला मागचा एका दूधवाल्याच्या चाकात विणून लटकत होता.