अलोन्सो की वेटेल? खुर्च्या त्याच, नशीब वेगळं

फॉर्म्युला वन अलीकडे बघायला लागलेली पोरं विचारतात, जुने हंगाम बघायचे तर कुणाच्या बाजूने बघायचे? बाजू घेतल्याशिवाय शर्यत बघण्यात राम नाही, हे त्यांना बरोबर कळलेलं असतं. शूमाकर किंवा हॅमिल्टन म्हटलं की विषयच संपतो. सात-सात विजेतेपदांपुढे वाद कसला घालणार? वाद घालावा तो फर्नांडो अलोन्सो आणि सेबास्टियन वेटेल यांच्यावरून. एकाची विजेतेपदं दोन, दुसऱ्याची चार. तरीही जाणकारांच्या कुठल्याही कट्ट्यावर विचारा, बहुतेक जण सांगतील की गुणी तो अलोन्सो आणि नशीबवान तो वेटेल. मी माझी निवड कधीच करून बसलोय, त्यामुळे माप थोडं झुकतं असेल, तेवढं धरून चाला.

या दोघांची तुलना करायला एक सोय आहे, जी एरवी क्वचित मिळते. हे दोघं एकमेकांच्या खुर्च्यांवर बसत आले. इटलीतल्या फाएन्झा गावच्या मिनार्डी टीममधून अलोन्सो 2001 मध्ये आला. गाडी शेवटच्या रांगांतली, वर्षभरात एकही गुण नाही. पुढे तीच टीम रेड बुलने घेतली, नाव टोरो रोसो ठेवलं, आणि 2008 मध्ये मोंझाच्या पावसात 21 वर्षांच्या वेटेलने तिला पोल (म्हणजे पहिल्या जागेवरून सुरुवात) आणि विजय दोन्ही मिळवून दिलं. मिनार्डी असताना त्या टीमने कधी पोडियमसुद्धा, म्हणजे पहिल्या तिघांतली जागा, पाहिला नव्हता. अर्थात 2008 ची गाडी मिनार्डीच्या गाडीपेक्षा कितीतरी बरी होती, मागे फेरारीचं इंजिन होतं, हे सांगायला हवं. मग 2014 अखेर अलोन्सोने फेरारी सोडली, तिथे वेटेल बसला. आणि 28 जुलै 2022 ला वेटेलने निवृत्ती जाहीर केली, तर लगेच 1 ऑगस्टला त्याची अ‍ॅस्टन मार्टिनमधली जागा अलोन्सोने घेतल्याची बातमी आली. अल्पीन या अलोन्सोच्या तेव्हाच्या टीममधल्या बॉसलाही ती प्रसिद्धिपत्रकातून कळली म्हणे. अलोन्सोच्या निरोपांची तऱ्हा ही अशी. पुढे तिचं काम पडणार आहे.

आता खुर्ची तीच धरून माणसं बघू. फेरारीत अलोन्सोने पाच हंगामांत 11 शर्यती जिंकल्या, वेटेलने सहा हंगामांत 14. विजेतेपद दोघांनाही नाही. आकडे सारखेच दिसतात, पण गाड्या सारख्या नव्हत्या. 2012 ची फेरारी हंगामाच्या सुरुवातीला इतकी मागे होती की इटलीतल्या वर्तमानपत्रांनी आधीच सुतक धरलं होतं. तीच गाडी घेऊन हा बाबा हंगेरीच्या शर्यतीनंतर 40 गुणांनी आघाडीवर. उलट 2018 ची फेरारी निदान पूर्वार्धात मर्सिडीजच्या तोडीची होती, आणि वेटेलने ती होकेनहाइमला, म्हणजे स्वतःच्या गावाजवळच, रिमझिम पावसात, आघाडीवर असताना खडीत नेऊन घातली. कुणी धक्का दिला नाही, टायर फुटला नाही. स्टिअरिंगवर मुठी आपटणारा वेटेल त्या दिवशी सगळ्या जगाने पाहिला. हे अलोन्सोच्या हातून झालं असतं का? बहुधा नाही.

अ‍ॅस्टन मार्टिनचा हिशोब तर आणखी सरळ आहे, कारण टीममधला दुसरा चालक दोन्ही वेळा तोच, लान्स स्ट्रोल. 2022 मध्ये वेटेलचे 37 गुण, स्ट्रोलचे 18. आणि कोविडमुळे वेटेल पहिल्या दोन शर्यतींना नव्हता. 2023 मध्ये अलोन्सोचे 206, स्ट्रोलचे 74, वर आठ पोडियम. त्या वर्षी गाडी एकदम सुधारली, हा भाग आहेच. पण एकेचाळीस-बेचाळीसच्या वयात, ज्या वयात आपल्याकडे लोक कंबरेचा पट्टा शोधायला लागतात, हा माणूस तरुण पोरांना कोपऱ्यात अडकवून ठेवत होता. वेटेल त्याच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान, आणि तोवर घरी.

म्हणजे निव्वळ हाताच्या गुणाचं पारडं अलोन्सोकडे. मंद गाडी, बिघडलेला दिवस, पाऊस, अकराव्या क्रमांकावरून सुरुवात असं काहीही द्या, त्यातून तो जास्तीत जास्त पिळून काढणार. यावर मी तरी वाद घालणार नाही.

वाद आहे तो नशिबावर. अलोन्सोच्या चाहत्यांची एक पाठ केलेली कैफियत असते. 2007 मध्ये एका गुणाने गेलं, 2010 मध्ये चार, 2012 मध्ये तीन. आठ गुण इकडचे तिकडे झाले असते तर पाच विजेतेपदं! त्यातही 2010 ची अबू धाबी तर जखमच. शेवटची शर्यत, अलोन्सोला चौथा क्रमांक पुरत होता. फेरारीने रेड बुलमधल्या वेटेलच्या जोडीदारावर, मार्क वेबरवर, नजर ठेवून अलोन्सोला टायर बदलायला लवकर पिटमध्ये बोलावलं, आणि बाहेर आला तो विटाली पेट्रोव्हच्या मागे. तेव्हा डीआरएस, म्हणजे ओव्हरटेकसाठी उघडणारं मागचं विंग, नव्हतं, आणि यास मरिनावर, म्हणजे अबू धाबीच्या ट्रॅकवर, ओव्हरटेक करणं महाकठीण. आख्खी संध्याकाळ तो त्या पिवळ्या गाडीचं मागचं विंग बघत राहिला. आणि गाडी कुठली, तर रेनो. ज्या टीमबरोबर त्याने 2005 आणि 2006 ची विजेतेपदं मिळवली, तीच. सातवा आला. वेटेल 256, अलोन्सो 252. शर्यत संपल्यावर पेट्रोव्हच्या बाजूला गाडी नेऊन त्याने हातवारे केले. मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही कळत नाही, की पेट्रोव्हने नक्की काय चूक केली? स्वतःची जागा राखली, एवढंच ना?

बरं, जमा-खर्च मांडायचाच तर दोन्ही बाजूंनी मांडा. त्याच 2010 मध्ये कोरियाला वेटेल आघाडीवर असताना त्याचं इंजिन गेलं, आणि ती शर्यत जिंकली कुणी? अलोन्सोने. 2012 ला स्पाच्या पहिल्या वळणावर ग्रोजाँची गाडी अलोन्सोवर चढली, हे सगळ्यांना आठवतं. पण त्या आधी व्हॅलेन्सियाला वेटेल पुढे असताना अल्टरनेटर बंद पडला, आणि अलोन्सोचा तो प्रसिद्ध अकराव्यावरून पहिला क्रमांक त्यातूनही आला, हे कुणी सांगत नाही. मोंझाला पुन्हा वेटेलचा अल्टरनेटर. अबू धाबीला पोटभर इंधन नव्हतं म्हणून पात्रता फेरीतून बाद, पिट लेनमधून सुरुवात, तरी तिसरा. ब्राझीलला पहिल्याच फेरीत ब्रुनो सेन्नाशी धडकून उलट तोंडाने उभा, चेचलेली गाडी घेऊन सहावा. 281 विरुद्ध 278. याला निव्वळ नशीब म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आणि वेटेलला फक्त पुढून पळता येतं म्हणणाऱ्यांनी 2019 चं होकेनहाइम बघावं: विसाव्या क्रमांकावरून दुसरा.

पण माझा निकाल आकड्यांनी लागलाच नाही. तो लागला रेडिओने.

27 सप्टेंबर 2015, जपानमधलं सुझुका. मॅक्लारेन आणि होंडा पुन्हा एकत्र आल्याचं पहिलं वर्ष, गाडीला सरळ रस्त्यावर दमच नाही. मुख्य सरळीवर टोरो रोसोतला पोरगेला मॅक्स वेरस्टापेन अलोन्सोला सहज मागे टाकून गेला, आणि रेडिओवर अलोन्सो ओरडला: जीपी-टू इंजिन, जीपी-टू! म्हणजे हे इंजिन खालच्या वर्गातलं आहे. सुझुका होंडाच्या मालकीचं. प्रेक्षक होंडाचे, वरिष्ठ अधिकारी तिथेच बसलेले, आणि हे वाक्य जगभर प्रक्षेपित होतंय हे अलोन्सोइतकं पक्कं कुणाला ठाऊक असणार? नाचता येईना अंगण वाकडं असं इथे म्हणता येत नाही, कारण नाच उत्तम येत होता आणि अंगणही खरोखर वाकडं होतं. तरी अंगण सारवणाऱ्यांच्या दारात उभं राहून ते बोलायचं नसतं. रात्र-रात्र जागून इंजिन जुळवणारी माणसं काय ऐकून घरी गेली असतील?

ही कुरकुर एका दिवसाची असती तर सोडून दिली असती. पण दर रविवारी संध्याकाळी साडेपाचला टीव्ही लावायचा आणि गाडी किती भिकार आहे आणि तिच्यात आपण किती सुंदर चालवतोय, हे चालकाच्याच तोंडून ऐकायचं, याचा मला वीट आला. तुम्हाला कदाचित हेच आवडेल. स्पष्टवक्ता म्हणून त्याचं कौतुक करणारे माझे मित्र आहेत. माझं म्हणणं इतकंच, की त्याच्या दैवातला निम्मा वाटा या जिभेचा आहे. 2007 मध्ये मॅक्लारेनशी फाटलं, हंगेरीला पिटमध्ये हॅमिल्टनला अडवून धरण्यापर्यंत गोष्टी गेल्या, आणि पुढची दोन वर्षं दुबळ्या रेनोत काढावी लागली. होंडाचं म्हणाल, तर त्याच होंडाचं इंजिन घेऊन 2021 ला जगज्जेता झाला तो वेरस्टापेन. सुझुकाला मागून येऊन गेलेला तोच पोरगा. आता 2026 पासून अ‍ॅस्टन मार्टिनलाही होंडाचंच इंजिन, म्हणजे अलोन्सो आणि होंडाची पुन्हा गाठ आहेच.

याच्या उलट चित्र मी स्वतः पाहिलं, 2013 च्या ऑक्टोबरमध्ये, ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर. मुख्य स्टँडचं तिकीट परवडणारं नव्हतं, लांबच्या स्वस्त स्टँडमध्ये बसलो होतो. वेटेल पोलवरून निघाला, पण मऊ टायर उतरवायला दुसऱ्याच फेरीत पिटमध्ये गेला आणि सतराव्या जागी बाहेर आला. पुढच्या काही फेऱ्या प्रत्येक वेळी आमच्यासमोरून जाताना तो एक-दोन गाड्यांनी वर सरकलेला असायचा. घड्याळ लावून काही मोजलं नाही, पण वळणाच्या आत तो इतरांपेक्षा शांत दिसायचा आणि बाहेर पडताना लवकर सुटायचा, एवढं त्या उन्हातूनही कळत होतं. शर्यत जिंकली, चौथं विजेतेपद पक्कं झालं. नियमाप्रमाणे गाडी थेट आत न्यायची असते. त्याने मुख्य स्टँडसमोर धुराची वर्तुळं काढली, खाली उतरला, आणि गुडघे टेकून गाडीसमोर डोकं टेकवलं. आम्हाला ते मोठ्या पडद्यावर दिसलं. आपल्याकडच्या प्रेक्षकांना ती खूण समजावून सांगायची गरजच पडली नाही. दसऱ्याला गाडीला हार घालणारी माणसं आपण. टीमला 25,000 युरो दंड झाला. त्या वर्षी युरोपात पोडियमवर त्याची हुर्यो उडवली जायची. इथे ती नव्हती.

तुम्ही म्हणाल, रेड बुलच्या एड्रियन न्यूवीसारख्या डिझायनरने काढलेल्या गाडीला कोण डोकं टेकवणार नाही? मान्य. म्हणून मी 2020 कडे बोट दाखवीन. हंगाम सुरू होण्याआधीच फेरारीने वेटेलला फोनवर सांगितलं की पुढच्या वर्षी तू नकोस. गाडी भंगार, वर्षाअखेर तेरावा क्रमांक. कुरकुर त्यानेही केली असेल, पण अबू धाबीच्या शेवटच्या फेरीनंतर रेडिओवर त्याने टीमसाठी इटालियनमध्ये गाणं म्हटलं. बेसूर. मला त्याचं एवढंच पुरलं.

वेटेल साधू नव्हे, हेही बघूनच निवडा. 2013 ला मलेशियात टीमचा हुकूम धाब्यावर बसवून त्याने वेबरला मागे टाकलं. 2017 ला बाकूत सेफ्टी कारच्या (अपघातानंतर सगळ्यांना सावकाश चालवायला लावणाऱ्या गाडीच्या) मागे असताना हॅमिल्टनच्या गाडीवर गाडी आदळली. 2016 ला मेक्सिकोत रेस डायरेक्टरला रेडिओवर शिव्या घातल्या. 2014 मध्ये रेड बुलमधला जोडीदार रिकार्डोने त्याच गाडीत तीन शर्यती जिंकल्या आणि याने एकही नाही, आणि 2019 ला फेरारीतला जोडीदार लक्लेरनेही त्याला मागे टाकलं. ज्याला चालकाकडून फक्त चालवणं हवं आहे, भावना नकोत, त्याने मुकाट अलोन्सो निवडावा. शिवाय हे लिहितोय तोवर तो गाडीत आहे, त्यामुळे ताज्या शर्यतीही बघता येतील. माझ्या पसंतीत ती सोय नाही.

कुणाच्याही बाजूने बघा, सुरुवात 2012 पासून करा. वीस शर्यतींचा हंगाम, दोघंही ऐन भरात. मग अलोन्सोसाठी 2005 चं इमोला, जिथे शेवटच्या फेऱ्यांत शूमाकर त्याच्या गिअरबॉक्सला चिकटून होता आणि पुढे जाऊ शकला नाही. वेटेलसाठी 2008 चं मोंझा. वेटेलच्या बाजूचा असूनही सांगतो, 2013 चा उत्तरार्ध सोडून द्या. तो सलग नऊ शर्यती जिंकला खरा, पण दुसऱ्या फेरीनंतर टीव्हीवालेही त्याला दाखवायचे बंद व्हायचे. बुद्ध सर्किटची तेवढी बघा, निदान पहिल्या वीस फेऱ्या.